ढोलेमामांच्या छातीतला आवाज

"ढोलेमामा मिळाले तर तू सुटलीस," कौस्तुभ म्हणाला. "डोळे मिटून मायट्रल स्टेनोसिस म्हणायचं आणि उरलेला वेळ परीक्षकांकडे बघून हसायचं."

"आणि नाही मिळाले तर?"

"तर मग तू तीन वर्षं जो अभ्यास केलास तो उपयोगी पडेल. एरवी तो वायाच जायचा."

आम्ही दोघं पांढऱ्या कोटाची बटणं लावत परक्या कॉलेजच्या व्हरांड्यात उभे होतो. एम.डी. मेडिसिनच्या शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि आमचं केंद्र इथे आलं होतं. कौस्तुभ राजमाने माझ्याच युनिटमधला. तीन वर्षं माझ्या वाट्याची पोळी खाऊन त्याबदल्यात मला बातम्या पुरवत आला होता. कुठल्या केंद्रावर कोण परीक्षक येतो, कोण कशावर चिडतो, कुठल्या कॉटवर काय आहे, हे त्याला पुस्तकापेक्षा जास्त पाठ असायचं.

बाहेरच्यांना हे विचित्र वाटेल, म्हणून सांगते. आमच्या परीक्षेत खरा पेशंट मिळतो. चिठ्ठी उचलायची, त्या कॉटपाशी जायचं, माणसाशी बोलायचं, त्याला तपासायचं आणि निदान करायचं. मग परीक्षक येतात आणि पेशंटच्या उशाशी उभं राहून आपली सालटी काढतात. यासाठी प्रत्येक कॉलेजकडे ठेवणीतले पेशंट असतात. परीक्षा जवळ आली की त्यांना गावाहून गाडी पाठवून आणतात, वेगळ्या वॉर्डात ठेवतात, सकाळी चहाबरोबर शिरा देतात आणि बजावतात की रोगाचं नाव कुणाला सांगायचं नाही. आम्ही त्यांना 'चांगली केस' म्हणतो. रोग चांगला पिकला की केस चांगली. कॉटवर पडलेल्या माणसाच्या दृष्टीनं त्यात चांगलं काही नसतं, पण तीन वर्षांत ते कानाला खटकेनासं होतं.

ढोलेमामा म्हणजे या कॉलेजचं भूषण. लहानपणी सांधे सुजून ताप आलेला, त्यात हृदयाची एक झडप आखडलेली, तेच मायट्रल स्टेनोसिस. अशी झडप उघडताना एक छोटासा आवाज येतो, टक्. त्याला ओपनिंग स्नॅप म्हणतात. भल्याभल्यांच्या कानांना तो सापडत नाही. ढोलेमामांचा मात्र म्हणे कालच्या पोरालाही ऐकू यायचा.

"तो टक् सांगायला विसरू नकोस," कौस्तुभनं पुन्हा बजावलं. "हुद्दार सरांचा जीव त्यात आहे. आणि संयोगिताचं लक्षात ठेव."

संयोगिता आमची सीनियर. मागच्या खेपेला याच वॉर्डात नापास झाली. परीक्षकांच्या मते पेशंटची पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली होती. संयोगिताच्या हाताला ती लागली नाही आणि तिनं तसं स्वच्छ सांगून टाकलं. परीक्षेत पेशंटच्या अंगात काय आहे यापेक्षा परीक्षकांच्या मते काय आहे हे महत्त्वाचं, हा धडा आम्ही सगळ्यांनी तिच्याकडून फुकटात घेतला होता.

मला नापास होणं जमणारं नव्हतं. कणकवलीला आईला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. धाकटी बहीण ठरलेलं लग्न पुढे ढकलून तिच्यापाशी बसली होती. तिथल्या दवाखान्यातली जागा माझ्यासाठी धरून ठेवली होती, पण ती पास झाले तरच. बहिणीनं पत्रात काही म्हटलं नव्हतं. तिनं काही म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

चिठ्ठी उचलली. खिडकीजवळची कॉट. वाळकासा माणूस, गालांवर जांभळट लाली, धुऊन आणलेला सदरा, टोपी घडी करून लॉकरवर ठेवलेली.

"या बाई, बसा," ते म्हणाले. घर त्यांचंच असल्यासारखं.

"नाव काय मामा तुमचं?"

"निवृत्ती ढोले. इचलकरंजीत माग चालवत हुतो. आता घरीच बसून कांड्या भरतो." मग जरा पुढं वाकून, "रोगाचं नाव मातर इचारायचं न्हाई बरं का. सक्त ताकीद हाय."

"नाही विचारत."

"मागं येक पोरगं रडकुंडीला आलं हुतं. म्हनलं रड, पर सांगनार न्हाई. पास झालं शेवटी. आता मोठा दवाखाना हाय त्येचा कोल्हापुरात."

मला हसू आलं. ते सांगत राहिले. गाडी कशी दारात येते, गल्लीतली माणसं कशी बाहेर येऊन बघतात, ढोल्याला न्यायला सरकार गाडी पाठवतं म्हणून भावकी कशी जळते. माणूस खुशीत होता. मीच त्यांना दमाकडे वळवलं.

"किती चाललं की दम लागतो?"

"आता चालायचं कुटं बाई? संडासला जाऊन आलं की बसतो. रातचं आडवं पडवत न्हाई, पाठीला उश्या लावून बसल्या बसल्या डोळा लागतो. ह्या साली पायबी सुजाय लागल्यात."

"आणि गेल्या वर्षी?"

"गेल्या साली जिना चढत हुतो की."

शेजाऱ्याच्या घरातली गोष्ट सांगावी तसं ते सांगत होते. मी लिहिता लिहिता थांबले. कौस्तुभच्या बातमीत पायांची सूज नव्हती.

तपासायला सुरुवात केली. मी सांगायच्या आत ते डाव्या कुशीवर वळले, श्वास सोडून धरला. हा आवाज त्या कुशीवर जास्त चांगला ऐकू येतो. इतक्या जणांनी त्यांना तसं वळवलं होतं की ते आता सवयीनंच वळत. मी स्टेथोस्कोप टेकवला. झडपेतून रक्त रेटलं जाताना होणारी घरघर होती, पुस्तकात लिहिल्यासारखी. टक् नव्हता.

पुन्हा ऐकलं. जागा बदलली. त्यांना उठवून बसवलं, वाकायला लावलं, पुन्हा निजवलं. नव्हता. पहिल्यांदा वाटलं, माझे कान. मग वाटलं, घाबरलेय म्हणून. मग पोट चाचपलं तर यकृत सुजून खाली आलेलं. मानेच्या शिरा टरारलेल्या. फुप्फुसाकडच्या झडपेचा आवाज मात्र दणदणीत, म्हणजे तिकडचा दाब वाढलेला. सगळ्या खुणांचा एकमेकींशी मेळ बसत होता. बसत नव्हता तो फक्त कौस्तुभच्या सांगण्याशी.

"मामा," मी विचारलं, "ऑपरेशनचं कधी कुणी बोललं होतं का तुमच्याशी? किंवा मुंबईला जायचं?"

"आपरेशन?" ते चकित झाले. "कशापायी? आवं, दर साली येवढे मोठमोठे डॉक्टर छातीला कान लावून बसत्यात. काय वंगाळ असतं तर येक तरी बोलला असता का न्हाई?"

परीक्षेत उमेदवारानं पेशंटला त्याच्या आजाराबद्दल काही सांगायचं नसतं, हा नियमच आहे. त्या नियमाआड मी तेव्हा गुपचूप उभी राहिले आणि घंटा झाली.

परीक्षक आले चौघं, पण बोलणार दोघंच होते. एक यजमान कॉलेजचे प्रोफेसर हुद्दार सर, गोरेपान, मऊ बोलणारे. दुसऱ्या मुंबईच्या देवस्थळी मॅडम. त्यांच्याबद्दल कौस्तुभनं एवढंच सांगितलं होतं की त्या बोलल्या नाहीत तर घाबरायचं आणि बोलल्या तर जास्त घाबरायचं.

सगळं इंग्रजीत. मध्ये मामा निजलेले, कधी माझ्याकडे, कधी त्यांच्याकडे बघत. मी आजाराचा इतिहास सांगितला, तपासणी सांगितली, निदान सांगितलं. हुद्दार सर मान डोलावत होते.

"आणि ओपनिंग स्नॅप?" त्यांनी विचारलं. हे विचारताना ते हसले. सोपा प्रश्न आहे, घे, अशा अर्थानं.

माझ्या डोळ्यांसमोर आई आली, आईला भरवणारी बहीण आली. 'ऐकू आला' एवढंच म्हणायचं होतं.

"सर, मला ऐकू आला नाही."

"तुम्हाला ऐकू आला नाही, की तो नाहीये?"

"नाहीये."

"सकाळपासून ज्यांनी ज्यांनी तपासलं त्या सगळ्यांनी ऐकलाय, डॉक्टर. पुन्हा एकदा ऐकून सांगता?"

हे त्यांनी खरोखर मायेनं म्हटलं. मी पुन्हा स्टेथोस्कोप लावला. ऐकू यावा अशी मी मनापासून प्रार्थना केली. जो आवाज नाही तोही माणूस कधी कधी ऐकतो. मला तो ऐकायचा होता.

"नाही सर."

देवस्थळी मॅडमनी आपला स्टेथोस्कोप काढला. त्या वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या. मामांनी श्वास धरलेला होता. मॅडम मराठीत म्हणाल्या, "घ्या मामा, श्वास घ्या." मग उठून हुद्दार सरांना म्हणाल्या, "नाहीये. तुम्ही ऐका."

सरांनी ऐकलं. सरळ झाले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "मागच्या वर्षी होता," ते म्हणाले. मला खात्री आहे, ते खोटं बोलत नव्हते.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "मग? नसण्याचा अर्थ काय?"

"झडप मऊ असते, हलती असते तोवर तो आवाज येतो. आता तिच्यात चुना साठून ती कडक झालीय. हलत नाही म्हणून आवाज नाही."

"इलाज?"

"झडप मऊ असताना फुग्यानं उघडता येते. मांडीच्या शिरेतून, छाती न कापता. मुंबईत होतं ते. पण आता उपयोग नाही."

"आवाज होता तेव्हा झालं असतं?"

"हो, मॅडम." आणि बोलता बोलता मला ते कळलं. ज्या आवाजासाठी या माणसाला दर वर्षी गाडी पाठवून आणलं जात होतं, तो आवाज अजून वेळ आहे, अजून वेळ आहे, एवढंच सांगत होता.

"आणि आता?"

"झडप बदलावी लागेल. पण फुप्फुसातला दाब फार वाढलाय. धोका मोठा आहे. नाही केलं तर फार दिवस नाहीत."

मॅडमनी हुद्दार सरांना विचारलं, "यांना फुग्यासाठी कधी पाठवलं होतंत?"

"पेशंट आमच्याकडे परीक्षेपुरता येतो. गोळ्यांचं दुसरं युनिट बघतं. त्यांनी विचारलंच असणार. तयार नसेल झाला."

पुढे कळलं, दुसऱ्या युनिटची समजूत होती की ही केस खुद्द प्रोफेसरसाहेब बघतात. परीक्षकांना वाटायचं, इलाज चालू असणार. उमेदवारांना वाटायचं, आपलं काम आवाज ओळखण्याचं. कुणी वाईट नव्हतं. मला अजूनही त्यात कुणी वाईट सापडत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो.

"आता हे सगळं यांना मराठीत सांगा," मॅडम मला म्हणाल्या.

"मॅडम, परीक्षा चालू आहे," हुद्दार सर पुटपुटले.

"हीसुद्धा परीक्षाच आहे. मार्क मी देते."

मी कॉटच्या कडेला बसले. इंग्रजीत धडाधड बोललेलं सगळं मराठीत आणताना एकेक शब्द शोधावा लागला. पुढे काय होणार याला 'प्रोग्नोसिस' म्हणणं किती सोपं असतं हे तेव्हा समजलं.

"मामा, तुमच्या हृदयाची एक झडप आखडलीय."

"ते हाय ठावं. तेवढं सांगितलंय."

"ती मऊ होती तेव्हा मुंबईला जाऊन उघडून घेता आली असती. कापाकापी न करता. मऊ असते तोवर ती टक् वाजते. आता ती कडक झालीय, वाजत नाही. आता ऑपरेशन करून बदलावीच लागेल, आणि ते अवघड आहे. म्हणजे त्यात जिवाला धोका आहे. नाही केलं तर जास्त आहे."

ते ऐकत होते. चेहरा हलला नाही.

"मऊ कवा हुती?"

"गेल्या वर्षीपर्यंत असावी."

"आन् त्येच्या आधी?"

"आधीही होती."

त्यांनी उभ्या असलेल्या चौघांकडे एकेक करून पाहिलं. चिडून नाही. ओळख पटते का बघावी तसं.

"म्हंजे ह्या समद्यास्नी ते ऐकू येत हुतं."

"हो."

"आदुगर जी पोरं येऊन गेली, त्येंस्नीबी."

"हो, मामा."

हुद्दार सर खिडकीबाहेर बघत होते. मामांनी सदरा खाली ओढला आणि एकेक बटण लावलं, पार गळ्यापर्यंत.

"बरं केलंसा सांगितलं," ते म्हणाले. "आता म्होरल्याला बोलवा. बाहीर खोळंबला असंल बिचारा."

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सांगवत नाही. देवस्थळी मॅडमनी त्यांना स्वतः मुंबईला बोलावून घेतलं. मामांनी होकार दिला. ऑपरेशन झालं, नवी झडप नीट बसली, पण इतकी वर्षं कोंडमाऱ्यात राहिलेली फुप्फुसं सावरली नाहीत. मामा शुद्धीवर आले नाहीत. मी तेव्हा कणकवलीला रुजू झाले होते, बहिणीचं लग्न अंगावर आलं होतं. मुंबईहून मॅडमचा फोन आला. "झडप चांगली बसली होती," असं त्या दोनदा म्हणाल्या.

पण मला ती बातमी तितकी आठवत नाही, जितकी परीक्षेच्या दिवशीची संध्याकाळ आठवते.

आमचा निकाल रीतसर नंतर लागतो, पण खरा त्याच दिवशी कळतो. जिन्यात देवस्थळी मॅडम समोरून आल्या, "झालीस," म्हणाल्या आणि न थांबता खाली गेल्या. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? भिंतीला पाठ लावून मी थोडं रडून घेतलं. मग कौस्तुभ पेढ्यांचा पुडा घेऊन धावत आला. सगळे पास.

त्या कॉलेजची एक रीत होती. पास झालेल्यांनी निघायच्या आधी आपल्या पेशंटच्या पाया पडायचं. माझ्याखेरीज आणखी तिघांना सकाळी मामा मिळाले होते, छोट्या केससाठी, म्हणजे थोड्या मिनिटांत एखादीच खूण तपासायच्या फेरीसाठी. कौस्तुभ त्यातलाच. आम्ही चौघं वॉर्डात गेलो.

मामा कॉटवर पाय सोडून बसले होते. त्यांची बायको आली होती, अनुसयामावशी. दर वर्षी परीक्षेला ती बरोबर येते आणि दिवसभर बाहेर झाडाखाली बसते, असं त्यांनी सकाळीच सांगितलं होतं. तिनं इरकली लुगडं नेसलं होतं, लग्नघरी निघाल्यासारखं. आम्हाला बघून तिनं पदर सावरला.

कौस्तुभ आधी वाकला. पुडा मावशीच्या हातात दिला.

"पास झालास व्हय?" मामा म्हणाले.

"तुमच्या कृपेनं मामा."

"माझ्या छातीत ते टक् वाजतं, ते आलं तुला ऐकू?"

"आलं म्हणजे? खणखणीत. दारातूनच ऐकू येत होतं."

मामांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "मोठा हो."

दुसऱ्याला त्यांनी तेच विचारलं. त्यालाही आलं होतं. तिसऱ्यालाही. ते मन लावून विचारत होते, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत. एखादा तरी नाही म्हणतो का, हे पाहत असावेत. मावशी कौतुकानं हसत होती. "ह्येंचं कवाच कुनाला चुकत न्हाई," ती म्हणाली.

मुलं हसत, बोलत बाहेर गेली. मी पुढे झाले, वाकले, तर मामांनी पाय मागं घेतले.

"तुमी नगा बाई. तुमी बसा हितं."

मी त्यांच्याजवळ बसले. मावशी पुडा सोडून पेढे मोजून वाटायच्या बेतात होती, शेजारच्या कॉटवाल्याला, सिस्टरला, सगळ्यांना. मामा खालच्या आवाजात बोलायला लागले.

"हिला अजून सांगितलं न्हाई. दोपारपास्नं शबूद जुळवाय लागलोय, पर आवाजच फुटंना. सकाळी तुमी लई चांगलं सांगितलंसा, समजंल असं." ते थांबले, दम घेतला. "मला तसं जमायचं न्हाई. घरला जायच्या आत कुनीतरी सांगाय पायजे तिला."

"काय गुपचूप चाललंय?" मावशी हसत म्हणाली आणि पेढा घेऊन माझ्यापुढे आली. "घ्या बाई, तोंड गोड करा."

मामांनी मान खाली घातली. मी उठले, तिच्या हातातला पेढा आणि पुडा दोन्ही घेऊन लॉकरवर ठेवलं, आणि म्हटलं,

"मावशी, जरा बसता का इथे?"